घाट उतरताना ईव्हीची रेंज वाढली? या चुका टाळा

पाचगणीहून निघालो तेव्हा स्क्रीनवर 62 टक्के बॅटरी आणि 215 किलोमीटर रेंज होती. पसरणी घाट उतरून वाईत आलो तर 65 टक्के आणि रेंज थेट 275! मागच्या सीटवरून लगेच फर्मान सुटलं, "आता पुण्यापर्यंत चार्जिंगला थांबायचं नाही हं." शिरवळ येईस्तोवर त्या रेंजमधले 90 किलोमीटर उडाले होते. गाडी चालली होती जेमतेम 40.

घाटात किलोमीटरच्या आकड्यावर विसंबणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. रेंजचा आकडा गाडी मागच्या काही किलोमीटरच्या खपावरून काढते. उतारावर खप जवळपास शून्य, कधी उणेसुद्धा, कारण तिथे मोटरच वीज बनवून बॅटरीत परत घालते; यालाच रीजन म्हणतात. गाडीला वाटतं, पुढचा रस्ताही असाच असणार. सुरूरला हायवे लागला की तिचा भ्रमनिरास होतो, आणि आपलाही.

खरी कमाई किती, याचा हिशोब घालून बघा. माणसांसकट 1,700 किलोची गाडी साधारण 550 मीटर खाली उतरली, तर त्या उंचीत अडीच युनिट वीज दडलेली असते. त्यातली काही टायर आणि वारा खातो, काही मोटर आणि बॅटरीच्या देवाणघेवाणीत उष्णता होऊन जाते, एसी आपला वाटा घेतोच. हाती राहतं सव्वा युनिटच्या आसपास. 40 युनिटच्या बॅटरीत ते 3 टक्के, म्हणजे सपाट रस्त्यावरचे नऊ-दहा किलोमीटर. स्क्रीनने मात्र 60 वाढवून दाखवले होते. म्हणून घाटात टक्क्यांकडे बघावं.

दुसरी चूक हॉटेलवर होते. रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी 100 टक्के, आणि लगेच उतार! भरलेल्या बॅटरीत वीज परत घालायला जागाच नसते. मग गाडी रीजन कमी करते किंवा पार बंद ठेवते. स्क्रीनवर तशी सूचना येते, काही गाड्यांत रीजन दाखवणारा हिरवा पट्टा नुसता फिका पडतो. ती सूचना वाचली नाही, तरी पायाला कळतं: ॲक्सिलरेटर सोडला की गाडी रोजच्यासारखी आवळत नाही, पुढे पळते. हा बिघाड नाही, सर्व्हिस सेंटरला फोन करू नका. सगळा भार ब्रेक पॅडवर येतोय एवढं ध्यानात घेऊन वेग आधीच कमी ठेवा. डोंगरावर चार्जिंग 85 टक्क्यांवर थांबवलं तर ही वेळच येत नाही.

'परत मिळालेली वीज' हा आकडा बघून हुरळणारेही पुष्कळ. चढ-उताराच्या रस्त्यावर तो फुगतो, पण त्यातली बरीचशी वीज चढताना तुमच्याच बॅटरीतून गेलेली असते. ट्रिप मीटर घाटमाथ्यावर शून्य केला, तर सरासरी आणखीच गोंडस दिसते. जाऊन-येऊनची सरासरी धरा.

आणि जुन्या गाडीची सवय म्हणून उतारावर न्यूट्रल टाकू नका. न्यूट्रलमध्ये मोटर गाडीला धरत नाही, बॅटरीला काही मिळत नाही आणि पॅड तापतात. उलट सगळ्यात कडक रीजन लावून दर वळणाला पाय दाबत-सोडत राहिलात, तर मागच्या सीटवरच्यांना मळमळतं. आमच्याकडे तेही झालंय, दत्तमंदिराच्या अलीकडेच गाडी बाजूला घ्यावी लागली होती.