देखाव्यासाठी कौलारू तालीम, १:५० मापात

गणपतीच्या देखाव्यात कोल्हापूर दाखवायचं ठरलं की पोरं थेट खासबागेला हात घालतात. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेलं ते कुस्तीचं गोल, खोलगट मैदान पहिल्याच झटक्यात जमत नाही, मी दोनदा तोंड भाजून घेतलंय. त्यापेक्षा पेठेतली जुनी कौलारू तालीम करा. चार भिंती, छपराची दोन उतरती पाखी आणि आत तांबड्या मातीचा हौदा. सुट्टीचे दोन दिवस पुरतात.

आधी मापं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, जवळची कुठलीही तालीम बघून या. वस्तादांना विचारून दारात एकाला उभं करा आणि समोरून फोटो काढा. त्याची उंची माहीत असली की दाराखिडक्यांची मापं त्रैराशिकानं निघतात. १:५० मध्ये एक फूट म्हणजे जवळजवळ ६ मिमी. तीस बाय वीस फुटांची इमारत १८ बाय १२ सेंमीत बसते, साडेसहा फुटी दार ४ सेंमीचं होतं. पावणेसहा फुटांचा पैलवान पडतो साडेतीन सेंमीचा. तो पुठ्ठ्यातून कापून टेबलावर उभा करा आणि प्रत्येक पायरी, खिडकी त्याच्याशेजारी धरून बघा. माझ्या पहिल्या तालमीची पायरी त्याच्या मांडीला लागत होती!

भिंतीला ५ मिमी सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिक फोमचा तक्ता घ्या, पण एकेरी नको. जुन्या दगडी भिंती दोन फूट जाड असतात. दारातून ती जाडी दिसली नाही तर तालमीचा मिठाईचा खोका होतो. दोन सनबोर्डांमध्ये २ मिमी पुठ्ठा घालून १२ मिमी करा. सनबोर्ड पाणी शोषत नाही, म्हणून इथं फेविकॉल नको, सोल्युशन म्हणजे रबरी गोंद वापरा. मात्र ते थर्माकोलच्या डोंगराला लावू नका, थर्माकोल विरघळतो.

दगड उठवायला संपलेलं बॉलपेन बेस्ट. पाऊण ते एक फुटाचे थर धरून, सांधे एकावर एक येऊ न देता, दाबून रेघा मारा. कोपऱ्याचे दगड मोठे ठेवा. रंग निव्वळ काळा देऊ नका, राखाडीत थोडा तपकिरी मिसळा. तो वाळला की पातळ पांढुरका रंग फासून लगेच फडक्यानं पुसा. खाचांत उरतो तो चुना.

आता छप्पर. बघणाऱ्याची नजर वरून येते, त्यामुळं अर्धा वेळ इथंच घालवा. मंगलोरी कौल या मापात साधारण ५ मिमी रुंद, ८ मिमी लांब. एकेक कापलं तर हजाराच्या घरात जातात, त्या नादाला लागू नका. आत लाटा असलेल्या पुठ्ठ्याचा खोका शोधा, लाटांमधलं अंतर ५-६ मिमी हवं. ओल्या फडक्यानं वरचा कागद भिजवून सोलून काढा, आतल्या लाटा पूर्ण वाळू द्या आणि लाटांना आडव्या ८ मिमीच्या पट्ट्या कापा. पुठ्ठ्याचं पाखं ३० अंशांच्या उताराचं करा, वळचण भिंतीबाहेर १२ मिमी. पहिली पट्टी वळचणीला, मग वर चढत जायचं. प्रत्येक पट्टी खालचीवर दीड-दोन मिमी. पागोळ्या जशा खाली येतात त्याच्या उलट दिशेनं काम चालतं एवढं लक्षात ठेवलं की चूक होत नाही. इथं कागदावर कागद आहे, फेविकॉल चालतो. पावसाळ्यात रात्रभर वाळू द्या.

सगळी कौलं एका लाल रंगात बुडवली तर छप्पर प्लास्टिकचं दिसतं. विटकरी रंग देऊन दहातलं एखादं कौल काळपट करा आणि एका जागी चार-पाच लालभडक ठेवा, मागच्या वादळानंतर बदललेली. मधेच दोन कौलांच्या जागी गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक बसवा. काचेच्या कौलातून उजेड नेमका हौद्यात पडतो. भिंतीच्या बुडाला ६ मिमीपर्यंत चिखलाचे शिंतोडे, त्यावर कुठंकुठं शेवाळी हिरवा.

हौद्याची माती चहाच्या गाळणीतून चाळा, चिमूटभर हळद घाला. पातळ फेविकॉलवर भुरभुरवा आणि एका कोपऱ्यात बोटानं थोडी उकरा, आत्ताच कुस्ती सुटल्यासारखी. मागच्या भिंतीत मारुतीचा कोनाडा, खाली काडेपेटीच्या काड्यांची दोन जोडी, म्हणजे व्यायामाला फिरवायची लाकडी मुद्गलं.

शेवटी बाहेर वाळत घातलेले लंगोट. टिश्यू पेपरच्या लाल, भगव्या पट्ट्या फेविकॉलच्या पाण्यात बुडवून शिवणाच्या दोऱ्यावर टाका. ओल्या कपड्याला वजन असतं, म्हणून दोऱ्याला मधे थोडा झोल द्या. ताठ ओढलेली दोरी लगेच खोटी वाटते.