गोल्डफिश आजारी पडला की: आधी पाणी, मग औषध

मासा तळाशी बसून राहिला, पर अंगाला चिकटवले, खाणं सोडलं किंवा वर येऊन हवा गिळायला लागला, की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. एक म्हणतो हळद टाक, दुसरा कडुलिंबाचा पाला सुचवतो, तिसरा मेडिकलमधून कॅप्सूल आणून फोडतो. दुकानदार निळी बाटली हातात देतो. सगळ्यांत उत्साही माणूस टँक उचलून अंगणात नेतो, आतले दगड साबणाने घासतो, बोअरचं ताजं पाणी काठोकाठ भरतो आणि मासा त्यात सोडतो. दुसऱ्या दिवशी ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "पानी बदलं नि मासा मरी गया." जळगाव-धुळ्याकडे हे वाक्य इतकं नेहमीचं आहे, की कोणी फोन केला तर मी माशाची लक्षणं विचारतच नाही. कोणतं पाणी, किती आणि कधी टाकलं, हे आधी विचारतो.

घरच्या टँकमध्ये रोगजंतू बहुतेक वेळा मागाहून येतात. पाणी आधीच बिघडलेलं असतं, त्यात मासा अशक्त होतो आणि मग बुरशी, परसड (पर कुजणं), पांढरे ठिपके त्याला गाठतात. म्हणून औषधाची बाटली कपाटातच राहू द्या.

पहिल्या तासात

खाणं बंद करा. गोल्डफिशला जठर नसतं, तो एरवीही थोडं थोडं खाणारा प्राणी. दोन दिवसांच्या उपासाने त्याला काही होत नाही, पण न खाल्लेले दाणे कुजून पाणी मात्र नक्की बिघडतं. एअर पंप पूर्ण जोरात चालू करा. भारनियमनाचा भाग असेल तर सेलवर चालणारा पंप जवळ ठेवा, तो फार महाग नसतो. खोलीत डासांची कॉइल, लिक्विड किंवा स्प्रे चालू असेल तर ताबडतोब बंद करा. त्यातली कीटकनाशकं माशांना अतिशय विषारी असतात आणि एअर पंप खोलीतली तीच हवा पाण्यात ढकलतो. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने हात कितीही धुतलेले असोत, त्या दिवशी टँकमध्ये हात घालायचा नाही.

मासा लगेच वेगळ्या टबमध्ये हलवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो अर्धाच पटतो. माशाच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरचे जिवाणू नव्या टबमध्ये नसतात, त्यामुळे दिवसभरात तिथेही तो साचतो. औषध द्यायचं असेल किंवा बाकीचे मासे आजाऱ्याला टोचत असतील, तरच हलवा. २०-२५ लिटरचा टब, तळाला काही नको, जुन्या टँकमधला स्पंज फिल्टर आणि रोज थोडं पाणी बदलायची तयारी, एवढं हवं.

मग अमोनिया आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) तपासा. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांची किट मिळते. ती घ्यायची नसेल तर पुढचं सगळं अंदाजाने करावं लागेल, आणि अंदाजच मासे मारतो.

पाणी बदलणं

मला सगळ्यांत जास्त दमवलं ते या टप्प्याने, म्हणून इथे घाई करू नका.

माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो: एक बरंचसं निरुपद्रवी, दुसरं कल्ले जाळणारं. कोणतं किती असेल हे पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. त्यातच पाणी ३० अंशांवर गेलं तर साडेसात टक्के. किटमधला आकडा तिन्ही वेळा एकच दिसेल. मासा मात्र पहिल्या पाण्यात पोहत राहील आणि तिसऱ्या पाण्यात तडफडेल.

आता आपल्याकडे काय होतं ते पाहा. "शुद्ध पाणी" म्हणून पुष्कळ लोक टँकमध्ये आरओचं किंवा उन्हाळ्यात येणाऱ्या जारचं पाणी भरतात. त्यात क्षार नसल्यामुळे पीएच धरून ठेवायला काहीच नसतं. फिल्टरमधले जिवाणू काम करतात तसं आम्ल तयार होतं आणि पीएच घसरत घसरत साडेसहाच्या खाली येतो. तिथे हे जिवाणूही मंदावतात. अमोनिया साचत जातो, पण निरुपद्रवी रूपात, म्हणून मासा कसाबसा तग धरून असतो. अशा वेळी तो मरगळलेला दिसला म्हणून कोणी अर्धा टँक उपसून बोअरचं पाणी भरतो. आपल्याकडची बहुतेक बोअर जड पाण्याची. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि बादलीला पांढरा थर चढतो, तेच हे पाणी. पीएच एकदम आठकडे उडी मारतो आणि अर्ध्या टँकमध्ये उरलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. मासा आजाराने मेला असं सगळ्यांना वाटतं. तो मेलेला असतो पाणी बदलल्यामुळे.

म्हणून आधी दोन्ही पाण्यांचा पीएच मोजा, टँकमधलं आणि भरायचं. बोअरचं पाणी उपसल्या उपसल्या मोजू नका. जमिनीखालून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि ऑक्सिजन कमी असतो. वाटीभर पाणी २४ तास उघडं ठेवून मगच मोजा, तेव्हा खरा आकडा कळतो, आणि तो ताज्या पाण्यापेक्षा जास्त निघतो. टँकमध्ये टाकायचं पाणीही असंच रात्रभर एअरस्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलेलं हवं.

दोन्ही आकड्यांत अर्ध्या अंकाहून कमी फरक असेल तर घाबरायचं कारण नाही. रोज पाव हिस्सा पाणी बदला. अमोनिया खूप चढला असेल आणि टँकचा पीएच आधीच आठच्या आसपास असेल, तर एका वेळी अर्धं पाणी बदललं तरी चालतं, उलट तेच करायला हवं. फरक अर्ध्या अंकाहून जास्त असेल तर एका वेळी दहावा हिस्साच बदला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि बादलीतून ओतायचं नाही: एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून थेंब थेंब पाणी सोडायचं. कंटाळवाणं आहे. दोन-तीन दिवस लागतात. दुसरी सोपी रीत मला तरी सापडलेली नाही आणि "आमच्याकडे नेहमी असंच ओततो, काही होत नाही" हे मला ऐकायचंही नाही.

नळाच्या पाण्याला क्लोरीनची अडचण असते. पाणी उघड्या पिंपात एअरस्टोन लावून २४ तास ठेवलं की तो निघून जातो. घाई असेल तर दुकानातलं अँटी-क्लोरीन, म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात टाका. आपल्या गावांत नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पिंपातलं साठवणीचं पाणी क्लोरीनमुक्तच असेल असं वाटतं. ते वापरण्याआधी घरात एकदा विचारा. पावसाळ्यात आई किंवा काकूंनी पिंपात क्लोरीनचे थेंब किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेली असते आणि ती कोणी सांगत नाही.

तापमानाचीही गोष्ट आहे. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते टँकसाठी पहाटेच काढून सावलीत ठेवा. याच्या उलट माठ-रांजणातलं पाणी इतकं गार असतं की तेही थेट नको. नवं आणि जुनं पाणी यांत दोन अंशांहून जास्त फरक चालत नाही. हाताने अंदाज घेऊ नका, थर्मामीटर घ्या.

दगड साबणाने धुवायचे नाहीत, कधीच नाही. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धरला की त्यातले जिवाणू मरतात आणि पुढच्या आठवड्यात अमोनिया पुन्हा हजर.

उन्हाळा

गोल्डफिशला १८ ते २४ अंशांचं पाणी मानवतं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना घरातला टँक सहज ३२ च्या वर जातो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. आजारी माशाला हा फरक जाणवतो. टँकची काच काढून वर जाळी टाका, टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ द्या, पाणी दोन-तीन अंश उतरतं. गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवली तरी चालेल, पण तासाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतरवू नका. बर्फाचे खडे थेट टाकायचे नाहीत.

मीठ

साधं खडे मीठ. सैंधव नको, काळं मीठ नको. पहिल्या दिवशी लिटरमागे १ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी आणखी १, गरज वाटली तर तिसऱ्या दिवशी आणखी १. त्याच्या पुढे घरी जाऊ नका. आधी पाणी मोजा: सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, भागिले हजार. बाहेरून ६०-३०-३० चा टँक ५४ लिटरचा वाटतो, पण दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४० लिटरही भरत नाही. मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू ओता. पाणी उडून गेलं तर मीठ उडत नाही, तेव्हा नुसती पातळी भरून काढताना मीठ टाकायचं नाही. बदललेल्या पाण्यापुरतंच टाकायचं. टँकमधल्या वनस्पती आधी बाहेर काढा. पाण्यात नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात तो, हाही विषारी) चढला असेल तर मीठ विशेष उपयोगी पडतं, कारण क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

औषध, लागलंच तर

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात आणि मासा दगडांना अंग घासतो, तेव्हा तो इक नावाचा परजीवी असतो. हिवाळ्यात रात्री एकदम थंडी पडली की हा हमखास येतो. ठिपक्यात बसलेल्या परजीवीवर औषध चालत नाही, तो पाण्यात सुटून पोहायला लागला की मरतो. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. २५ अंशांच्या आसपास किमान दहा दिवस, पाणी थंड असेल तर आणखी. मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध हातमोजे घालूनच हाताळा. मेथिलिन ब्ल्यू टबमध्येच वापरा, मुख्य टँकमध्ये ते फिल्टरचे जिवाणू मारतं आणि सिलिकॉन कायमचं निळं करतं. प्रमाण बाटलीवरचंच, "जरा जास्त टाकू" नको.

टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणाऱ्यांना एकच सांगणं: जड पाण्यातला कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवतो. आपल्या बोअरच्या पाण्यात तिचा उपयोग जवळजवळ होत नाही, पाणी मात्र पिवळं होतं. पोटॅशियम परमँगनेट घरी वापरू नका. प्रमाण थोडं चुकलं तरी कल्ले भाजतात.

अंगाला दोऱ्यासारखं काही लोंबत असेल किंवा चपटी ऊ चिकटलेली दिसली, तर मासा ओल्या फडक्यात धरून चिमट्याने काढा आणि पुढचे काही दिवस पाणी स्वच्छ ठेवा. तळ्यातून आणलेल्या वनस्पतींबरोबर ही येतात.

गोलमटोल जातीचा मासा उलटा तरंगत असेल तर तो बहुतेक वेळा पोटाचा त्रास असतो. दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला एखादा मटार. पुढे दाणे भिजवूनच द्या.

पोट फुगून खवले उभे राहिले तर गोष्ट कठीण. मिठाच्या टबमध्ये ठेवून पाहा, पण थोडेच मासे यातून वाचतात. जवळचा पशुवैद्य माशांचं पाहत असेल तर त्याला दाखवा.

बरा झाल्यावर

दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच, तेही एक दिवसाआड सुरू करा. टबमधून मुख्य टँकमध्ये नेताना पुन्हा तेच पीएच, तेच तापमान, तीच थेंब थेंब नळी. नको झालेला मासा मेहरूण तलावात किंवा वाघूर धरणात सोडू नका. गोल्डफिश तिथला नाही, त्याचे रोग तिथल्या माशांना लागतात. ज्याला हवा असेल त्याला द्या.

आजारी माशाची जाळी, नळी आणि टब धुऊन दोन दिवस कडक उन्हात पूर्ण कोरडे होऊ द्या, मगच दुसऱ्या टँकला लावा.