अमेरिकेत एक उन्हाळा किंवा एक सत्र: विद्यापीठ कसं निवडायचं

दीड-दोन महिने किंवा एका सत्रापुरतं अमेरिकेत शिकायला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी रँकिंगची यादी उघडून बसतात. पदवीसाठी जाणाऱ्यांचं ठीक आहे, पण एवढ्याशा मुक्कामात त्या यादीचा फारसा उपयोग नाही. सुरुवात आपल्याच कॉलेजातून करा. तिथले क्रेडिट इथे धरणार का, किती आणि कोणत्या विषयाच्या बदल्यात, हे लेखी घ्या. अर्जाला तिथल्या विषयाचा सिलॅबस आणि एकूण तासांचा हिशोब जोडा. 'बघू, होऊन जाईल' हे तोंडी उत्तर मार्कशीट निघताना कुणाच्याच लक्षात राहत नाही.

कॉलेजचा एखाद्या अमेरिकी विद्यापीठाशी अदलाबदलीचा करार असेल तर तो आधी पाहा. अशा करारात शिकवणीची फी बहुधा इथेच भरायची असते, आणि तिथे क्रेडिटमागे मोजावे लागणारे डॉलर वाचतात. करार नसेल तर समर सेशन किंवा 'व्हिजिटिंग स्टुडंट' म्हणून अर्ज, हे दोन मार्ग उरतात.

त्यानंतर कॅलेंडर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये सेमिस्टर चालतं. त्याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसमध्ये (यूसीएलए), स्टॅनफर्ड आणि सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये क्वार्टर. क्वार्टरमध्ये शिकवणं साधारण १० आठवडे, सेमिस्टरमध्ये १५, म्हणून तिथलं एक क्रेडिट सेमिस्टरच्या दोन-तृतीयांश धरतात. ४ क्रेडिटचा विषय हिशोबात २.६७ होतो आणि इथे ४ भरायचे असतील तर तूट पडते. उन्हाळ्यातली अडचण वेगळी. बर्कलीचं पहिलं सहा आठवड्यांचं सत्र मेअखेरीस सुरू होतं. आपल्या परीक्षा जूनमध्ये रेंगाळल्या तर ते हातचं गेलंच. जुलैच्या सुरुवातीला सुरू होणारं सत्र ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतं, तोवर इथली हजेरी सुरू झालेली असते. तिथे आठवडाभर उशिरा पोहोचून नंतर भरून काढू, असंही म्हणू नका. १५ आठवड्यांचा अभ्यास सहा आठवड्यांत बसवलेला असतो, म्हणजे एक आठवडा बुडाला की नेहमीच्या सत्रातले अडीच गेले.

आता विषय, बहुतेकांची चूक होते ती इथेच. 'कॅटलॉग'मध्ये विभागाचे सगळे विषय असतात, त्या सत्रात नसलेलेही. पाहायचं ते 'शेड्यूल ऑफ क्लासेस': वेळ, शिक्षक, शिल्लक जागा, पूर्वअट. बाहेरून आलेल्यांना नोंदणीची पाळी बऱ्याच ठिकाणी शेवटी येते, आणि पुरेसे विद्यार्थी नसतील तर उन्हाळी वर्ग रद्दही होतो. म्हणून दोन विषय हवे असतील तर पाच मंजूर करून ठेवा. ज्या विद्यापीठात असे पाच सापडत नाहीत ते यादीतून काढा, नाव कितीही मोठं असो.

क्रेडिट मिळवायचे असतील तर पर्यटक व्हिसा चालत नाही. स्वतः अर्ज केलात तर साधारणपणे एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा लागतो आणि विद्यापीठ त्यासाठी आय-२० हा दाखला देतं. कराराने गेलात तर बहुधा जे-१ हा अदलाबदलीचा व्हिसा आणि त्यासाठी डीएस-२०१९ हा दाखला. सेव्हिस (अमेरिकी सरकारची परदेशी विद्यार्थ्यांची नोंदयंत्रणा) शुल्क अनुक्रमे ३५० आणि २२० डॉलर, व्हिसा अर्जाचं १८५ वेगळं. एफ-१ वर पूर्णवेळ शिकावं लागतं, म्हणून उन्हाळ्यात पूर्णवेळ म्हणजे किती क्रेडिट, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेलने विचारा. त्यांचं उत्तर यायला किती दिवस लागतात, यावरूनही विद्यापीठाची पारख होते. जे-१ च्या विम्यात आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण हवं आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, ५०० डॉलरच्या वर नको. स्वस्त प्रवास विमा इथे अडकतो. एफ-१ वर कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपसाठी साधारणपणे आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण लागतं, तेव्हा त्या आशेने महागडं शहर निवडू नका.

खर्चाची तुलना क्रेडिटच्या दरावर करू नका. त्यात कॅम्पस फी, विमा, हॉस्टेल आणि सक्तीचा मील प्लॅन मिळवा. स्वस्त विद्यापीठ कधीकधी याच बेरजेत महाग पडतं. हॉस्टेल कोणत्या तारखेला रिकामं करायचं तेही पाहा, कारण परतीचं तिकीट त्यावरच ठरतं.

लसीकरणाची यादी प्रवेशाच्या दिवशीच मागवा. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस बहुतेक ठिकाणी लागतात आणि कागद नसेल तर नोंदणी अडते. क्षयाची चाचणी मागितली तर त्वचेवरची न करता आयजीआरए ही रक्ताची करा. लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रेचा फेरा मागे लागतो.

तिथून निघण्याआधी ट्रान्सक्रिप्टची (अधिकृत गुणपत्रकाची) मागणी नोंदवा आणि ती थेट आपल्या कॉलेजला पाठवायला सांगा. खात्यावर लायब्ररीचा किरकोळ दंड राहिला तरी काही विद्यापीठं ती रोखून धरतात.