सांगलीत भूकंपाचा धोका जोखायचा तर पार्किंगपासून सुरुवात करा

सांगलीत भूकंपाचा विषय काढला की समोरचा म्हणतो, "मॅडम, इथं पुराचं बोला." २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या माणसानं दुसरं काय म्हणावं? पण मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि माझं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर कसं पडलं, ते ऐकतच आमची पिढी वाढली. त्या ६.३ रिश्टरच्या धक्क्याचं ठिकाण सांगलीपासून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. त्यामुळं पुराबद्दल बोलताना मी भूकंपाचाही विषय काढतेच.

धोका म्हणजे जमीन किती हलेल एवढंच नसतं. खाली माती कसली आहे, वर इमारत कशी उभी आहे आणि त्या वेळी आत कोण आहे, हेही त्यात येतं. पहिल्या प्रश्नासाठी भारतीय मानक आयएस १८९३ मधला झोनचा नकाशा पाहा. कोयना परिसर त्यात वरच्या धोक्याच्या झोनमध्ये गणला गेला आहे. पण आपलं गाव खालच्या झोनमध्ये दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. १९९३ च्या भूकंपापूर्वी किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं.

मग माती. साताऱ्यात डोंगराच्या कडेला मुरूम, कातळ लवकर लागतो. सांगलीत कृष्णाकाठी काळी माती आणि गाळ. जाड, मऊ थर लांबून आलेला हादराही वाढवतात. १९८५ साली मेक्सिको शहरात हेच झालं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब होतं, पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर उभा होता. बिल्डरकडं माती परीक्षणाचा अहवाल मागा. तो नसेल तर शेजारी पाया खणत असतील तिथं जाऊन बघा, जुन्या विहिरीत पाणी किती फुटांवर आहे ते विचारा. सुटी वाळू आणि वर आलेलं पाणी एकत्र असेल तर हादऱ्यात ती जमीन चिखलासारखी पातळ होऊ शकते. अशा जागी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट, इमारत. पुराच्या भीतीनं आपण घरं उंच पिलरवर घेतो, खाली पार्किंग मोकळं सोडतो. पाण्यासाठी ते बरोबर आहे, भूकंपासाठी मात्र हाच कच्चा मजला. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात, त्यामुळं ते ताठ राहतात आणि सगळं हलणं खालच्या पिलरवर येतं. २६ जानेवारी २००१ ला भूज परिसरात भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत अशाच मोकळ्या तळमजल्याच्या इमारती बसल्या.

म्हणून पार्किंगमध्ये उभे राहून चारी बाजूंना बघा. लांबीच्या आणि रुंदीच्या, दोन्ही दिशांना एखादी तरी काँक्रीटची भिंत आहे का? लिफ्टची एकच भिंत एका कोपऱ्यात असेल तर इमारत पिळवटते. वरच्या मजल्याचा एखादा पिलर खाली न येता मध्येच बीमवर थांबला आहे का? दुकानासाठी कुणी भिंत काढली, गच्चीवर नंतर मजला चढवला, असं काही झालंय का?

मग पुराची खूण शोधा. त्या रेषेच्या खाली पिलरवर सळईच्या रेषेत उभी चीर, तांबूस डाग किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर आत सळई गंजलेली असू शकते. गिलावा मारून ते झाकलेलं मी कितीदा पाहिलंय, आणि दर वेळी जीव तुटतो. जो मजला भूकंपात सगळ्यात जास्त सोसणार, तोच आपण पाण्यात भिजवलेला असतो.

काम चालू असेल तर काँक्रीट ओतण्याआधी जा. पिलरच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांची टोकं १३५ अंशात आत वळलेली हवीत. पिलरच्या वरच्या आणि खालच्या टोकाजवळ दोन रिंगांत १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको.

गावभागातली जुनी मातीच्या दरजांची घरं वेगळ्या नजरेनं बघायची. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड छत यांनीच माणसं दाबली. कोपऱ्यातली उभी चीर, बाहेर फुगलेली भिंत, आरपार जाणारे दगड नसणं, दारं-खिडक्यांच्या वर सलग पट्टा नसणं, या खुणा टिपून ठेवा.

कोयना आणि किल्लारी, दोन्ही भूकंप पहाटे चारच्या आसपासचे. म्हणून कोण कुठं झोपतं तेही लिहा. म्हातारी माणसं फुगलेल्या भिंतीला खाट लावून झोपत असतील तर खाट आजच हलवा, उशाशी असलेलं लोखंडी कपाट भिंतीला पक्कं करा.

ही टिपणं, फोटो आणि महापालिकेत मंजूर झालेले नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडं जा. सोसायटीच्या सभेत रंगकामाच्या आधी हा विषय घ्या. पिलरला जाकीट करणं (म्हणजे भोवती सळई-काँक्रीटचं नवं आवरण घालणं), पार्किंगमध्ये पाण्याच्या वाहत्या दिशेला समांतर काँक्रीटच्या भिंती घालणं आणि आडव्या दिशेला पाणी जाऊ देणारे तिरपे आधार बसवणं, हे पर्याय इंजिनिअरला नावानिशी विचारा आणि हिशेब लेखी मागा.