जुन्या पिकअपचा मूळ रंग ठेवायचाय? मग या चुका टाळा

माझ्याकडे १९५२ ची शेव्हरोले ३१०० पिकअप आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळच्या एका शेतात कित्येक वर्षं नुसती उभी होती, तिथून ट्रेलरवर टाकून घरी आणली. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली तर पहिला प्रश्न, "अरे, हे भंगार कशाला उचलून आणलंस?" आणि लगेच दुसरा, "मग रंग कधी देणार?" आता यात आईची काय चूक, आपल्याकडे गाडी जुनी झाली की पत्रा ठोकायचा, लांबी भरायची, रंग मारायचा हीच पद्धत, पोळ्याला बैलाची शिंगंसुद्धा आपण रंगवतो. पण या गाडीवर कारखान्यात मारलेला फॉरेस्ट ग्रीन अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. छपरावर ऊन खाऊन पांढुरका पडलाय, हौद्याच्या कडेला माल घासून थेट पत्रा दिसतोय, आणि ड्रायव्हरच्या दारावर खिडकीच्या कडेला कुणीतरी वर्षानुवर्षं कोपर टेकवून गाडी चालवली तिथे बरोब्बर कोपराएवढाच रंग गेलाय. नवा रंग काय, कधीही मारता येतो, ते कोपर परत येणार नाही.

तर हे असं ठेवायचं म्हणजे काहीच करायचं नाही असं लोकांना वाटतं. उलट आहे, रंगकामापेक्षा जास्त डोकं लागतं. मी ज्या चुका केल्या आणि इतरांच्या पाहिल्या त्या सांगतो.

पहिली चूक घरी आणल्या आणल्या होते. गाडी धुळीनं माखलेली असते, हात शिवशिवतात, आणि माणूस सरळ प्रेशर वॉशर लावतो. सुटत आलेला रंग पापुद्र्यासारखा उडतो आणि दोन मिनिटांत वाफ्याएवढा डाग उघडा पडतो. साधा पाइप, बादली, सौम्य शॅम्पू आणि मऊ फडकं, बस. दारं तर सगळ्यात शेवटी आणि हळू धुवा, कारण तिथे जुन्या दुकानाचं किंवा शेताचं नाव हातानं रंगवलेलं असू शकतं. माझ्या उजव्या दारावर तीन आंघोळींनंतर ओळी दिसायला लागल्या, अक्षरांचा रंग कधीच गेलाय पण त्यांच्याखालचा हिरवा ऊन न लागल्यामुळे गडद राहिलाय, त्यामुळे सावलीसारखं वाचता येतं. तिथे पॉलिश घासलं असतं तर खेळ खल्लास.

पॉलिशवरूनच पुढची. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, या जुन्या गाड्यांवर तो नाही, जो काही आहे तो रंगच. म्हणून फडकं फिरवलं की फडकं हिरवं होतं आणि माणूस घाबरतो. वरचा मेलेला, खडूसारखा झालेला थर निघतोय, तेवढं ठीक आहे. पण मशीनवर रबिंग कंपाऊंड लावून 'चमक काढू' म्हणालात की बोनेटच्या मधल्या घडीवर आणि मडगार्डच्या गोलाईवर आधी प्रायमर दिसणार आणि मग पत्रा, कारण उंचवट्यावर थर आधीच पातळ झालेला असतो. मी काय केलं, तेलकट ग्लेझ (न घासता रंगात मुरणारं क्रीमसारखं पॉलिश) हातानं भरपूर चोपडलं आणि रात्रभर तसंच मुरू दिलं, सकाळी पुसलं, असं दोन-तीन वेळा, मग वर पेस्ट वॅक्स. कोरड्या रंगाला तेल मिळालं की मूळ हिरवा आतून वर येतो. किती आणायचा हे ठरवायला जिथे ऊन कधी पोचलेलंच नसतं असा बाहेरच्या रंगाचा झाकलेला कोपरा शोधून बघा. आणि प्रयोग आधी टेलगेटच्या आतल्या बाजूला करा, बोनेटवर नको.

एक गंभीर गोष्ट मधेच सांगतो. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा सँडपेपर किंवा ग्राइंडरवर वायर ब्रश लावून धूळ उडवू नका, घासायचंच असेल तर ओलं घासा, मास्क चांगला वापरा, आणि पोरांना गॅरेजमधून हाकला.

आता गंज. इथे दोन टोकाचे लोक भेटतात, एक म्हणतो सगळा काढ, दुसरा म्हणतो हातच लावू नको. पत्र्याला घट्ट चिकटलेला तपकिरी गंज आणि पापुद्रे सुटणारा, टोचलं की स्क्रूड्रायव्हर आत जाणारा गंज, हे दोन वेगळे प्राणी आहेत. पहिला ठेवा, दुसरा कापा. रंगावर ओघळून आलेले गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड चालतं. अळू चिरताना हात खाजतात ना, ते ज्या कॅल्शियम ऑक्झॅलेटमुळे, त्याच कुळातलं हे, पण अळवापेक्षा बरंच विषारी, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच. पातळ द्रावणात भिजवलेलं कापड डागावर ठेवायचं, थोड्या थोड्या वेळानं उचलून बघायचं, वाळू द्यायचं नाही. जस्त चढवलेल्या पार्टला लावू नका.

हे करूनही दोन दिवसांत परत केशरी पावडर आली? म्हणजे धुताना कंजुषी केलीत. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, मग साध्या पाण्यानं, आणि लगेच ब्लोअरनं किंवा उन्हात सुकवून त्याच दिवशी वॅक्स लावा. उघडा ओला पत्रा रात्रभर ठेवलात तर सकाळी सगळं पहिल्यापासून.

माझी सगळ्यात मोठी फजिती जवसाच्या तेलाची. कुणीतरी सांगितलं की उकळलेलं जवसाचं तेल चोळ, रंग असा उठतो की बघत राहशील. उठला, खरंच उठला, फोटो काढले, ग्रुपवर टाकले, कौतुक झालं. पण थर जाड बसला होता आणि तेल आठवडाभर चिकटच राहिलं. आमच्या ॲरिझोनात पण उन्हाळ्यातल्या पावसाला 'मान्सून' म्हणतात, पण पाऊस थोडा आणि धुळीची वादळंच जास्त, त्यातलं एक बरोबर त्याच आठवड्यात आलं. सकाळी गाडी अशी दिसत होती जशी काही बेसनात घोळवून तळायला काढलीय. मिनरल स्पिरिटनं (थिनरसारखं तेल विरघळवणारं द्रावण) एकेक फूट पुसत ते काढायला माझे तीन वीकेंड गेले. लावायचंच असेल तर अगदी पुसट लावा आणि जास्तीचं लगेच पुसा, आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, ती सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा नाहीतर पाणी भरलेल्या लोखंडी डब्यात टाका.

"एवढं कशाला, वरून मॅट क्लिअर कोट मारून टाक, विषय संपला." हा सल्ला मला तीन वर्कशॉपमध्ये मिळाला. ह्यूस्टनच्या मित्रानं ऐकला पण. तिथली हवा दमट, खाली जिवंत गंज, वर्षभरात कोटाखाली बारीक दोऱ्यासारखी नक्षी पळायला लागली आणि मग कडेनं कोट सुटायला लागला. आता तो काढायचा तर खालचा मूळ रंगही त्याच्याबरोबर येतो. वॅक्स दर काही महिन्यांनी परत लावावं लागतं हे खरं, पण चुकलं तर पुसता येतं, आणि मला वाटतं या कामात हाच एक निकष पुरे, जे मागे घेता येत नाही ते करू नका.

पत्राकामात नियम थोडा वेगळा. या मॉडेलमध्ये केबिनचे मागचे खालचे कोपरे आणि पायाखालची फरशी हमखास सडते, कारण आत माती साचते आणि ओल धरते. तिथे कापून जोड द्यावाच लागतो. चूक अशी की अख्खा कोपरा बदलतात, आणि सलग वेल्डिंगच्या उष्णतेनं वर हातभर रंग जळतो. सडलंय तेवढंच कापा, एकेक टाका मारा, थंड होऊ द्या, मग लांब दुसरीकडे मारा. काम झालं की आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात फवारायचं गंजरोधक मेण) फवारा, गंज बहुतेक वेळा आतूनच बाहेर येतो. नव्या तुकड्याला हिरवा रंग मॅच करून वर खोटे ओरखडे काढायचा मोह होईल. नका करू, खोटं म्हातारपण लांबून ओळखू येतं. मी साधा मंद हिरवा मारून सोडून दिला.

आणि हो, ग्रिलला क्रोम शोधत बसू नका. कोरियन युद्धामुळे तेव्हा क्रोमची टंचाई होती, त्यामुळे १९५२ च्या बऱ्याच गाड्या रंगवलेली ग्रिल आणि रंगवलेले हबकॅप घेऊनच बाहेर पडल्या. चकचकीत क्रोम लावून अनेकांनी उगाच पैसे घातलेत.

रंग जुना ठेवायचा म्हणजे ब्रेक जुने ठेवायचे असं नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं. मास्टर सिलिंडर एकच सर्किटचा, म्हणजे एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, तेव्हा होज, व्हील सिलिंडर, लायनिंग सगळं नवं. पण ब्रेक ऑइल लागलेला हात मडगार्डवर टेकवू नका, ते रंग विरघळवतं, सांडलंच तर लगेच पाण्यानं धुवा. स्टार्टर मरगळल्यासारखा फिरत असेल तर आधी केबल बघा, ही ६ व्होल्टची गाडी आहे, हिला आजच्या गाडीची बारीक केबल पुरत नाही, बोटाएवढी जाड लागते. ऑइल प्रेशरच्या गेजवर आकडे मुळात ३० पर्यंतच आहेत, काटा खाली दिसला म्हणून लगेच इंजिन खोलू नका.

शेवटची चूक फक्त आपणच करू शकतो. गेल्या दसऱ्याला झेंडूचा हार घातला आणि बायकोनं बोनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं. नव्या गाडीवर ते पुसलं जातं, पण हा रंग खडूसारखा, सगळं पिऊन घेतो. पुसायला गेलो तर पसरलं. मग काही केलं नाही, गाडी उन्हात उभी केली, हळद उन्हानं उडते हे हळदीचे डाग पडलेले कपडे वाळवणाऱ्या कुणालाही माहीत असतं, दोन आठवड्यांत पिवळं गेलं. कुंकू मात्र राहिलं, फिकट गुलाबी, डाव्या बाजूला जरा वाकडं. ग्लेझनं निघालं असतं बहुतेक. मी त्याच्या भोवतीनं वॅक्स लावतो.