ओठ पाहताना मेंदू काय ऐकतो : वाचा-श्रवण क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

बी.ए.एस.एल.पी. या वाचा-श्रवण विषयातल्या पदवीचे विद्यार्थी ऑडिओमीटर, म्हणजे ऐकण्याची क्षमता मोजणारे यंत्र, चालवायला लवकर शिकतात; मात्र समोरची व्यक्ती आपल्या ओठांवरून किती समजून घेते आहे, याकडे त्यांचे लक्ष बरेच उशिरा जाते. नागपुरात श्रवणदोष असलेल्यांबरोबर काम करताना मला ही उणीव सतत खटकते.

ओठांची हालचाल टिपतात डोळे, पण ती ऐकण्याच्या यंत्रणेपर्यंतही पोहोचते. आवाज अजिबात नसताना केवळ बोलणारा चेहरा पाहूनही ऐकू येणाऱ्यांच्या मेंदूतील श्रवणकेंद्र सक्रिय होते, हे जेमा कॅल्व्हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवले. कानशिलाच्या आत मेंदूला एक लांबट खाच असते. दिसलेले आणि ऐकलेले बोलणे एकत्र आणण्यात तिचा मोठा वाटा असतो. कानावर ‘बा’ पडत असताना ‘गा’ म्हणणारे ओठ दिसले, तर अनेकांना ‘डा’ ऐकू येते, हे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांचे 1976 चे निरीक्षण याच मिलाफाचे आहे. शिवाय ओठ बहुधा आवाजाच्या किंचित आधी हलू लागतात, त्यामुळे पुढचा ध्वनी कोणता असेल याचा अंदाज मेंदूला आधीच बांधता येतो.

तरीही ओठांवर सगळे दिसत नाही. आरशासमोर आवाज न काढता ‘पान’, ‘भान’, ‘मान’ म्हणून पाहावे. तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशाजवळच घडतात. उरलेली जागा मेंदू संदर्भाने भरतो, म्हणून मी सुट्या अक्षरांपासून सुरुवात करत नाही. आधी विषय सांगते आणि मग पूर्ण वाक्य बोलते.

गोंगाट वाढला की ओठांचा आधार अधिक मोलाचा ठरतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात घरोघरी कूलर घरघरत असतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका घरी बाहेरून आलेल्या नातीने तोंडावरचा दुपट्टा न सोडताच विचारले, “आबाजी, जेवले का?” आबाजी नुसते पाहत राहिले. दुपट्टा सोडून तिने तेच विचारताच उत्तर आले, “केव्हाच!” कूलर तोच होता, कानातले यंत्रही तेच होते.

म्हणून शब्दओळखीची चाचणी एकदा तोंड झाकून आणि एकदा चेहऱ्यावर उजेड घेऊन करावी, दोन्ही निकाल घरच्यांना दाखवावेत, आणि खिडकीकडे पाठ करून श्रवणदोष असलेल्या व्यक्तीशी बोलू नये, हेही तेव्हाच सांगावे.