डीईएफ हाताळताना या चुका टाळा

डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) म्हणजे डिझेल गाडीच्या धुरातले घातक वायू कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रावण. ते दिसते पाण्यासारखे, म्हणून लोक त्याला पाण्यासारखेच वागवतात. 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी, एवढेच त्यात असते. पण त्याची शुद्धता बिघडली की एससीआर यंत्रणेचा, म्हणजे हे द्रावण वापरून धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेचा खर्च अंगावर येतो. गॅरेजमध्ये त्याच त्या चुका पाहून आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतणे. डीईएफच्या टाकीचे झाकण निळे असते, तिचे तोंड अरुंद असते आणि डिझेलचे जाड नोझल त्यात जात नाही. पण हातात कॅन आणि नरसाळे आले की हा सगळा बंदोबस्त संपतो.

आमच्याकडे आलेल्या एका ट्रकच्या ड्रायव्हरने अंधारात 20 लिटरची कॅन डिझेलच्या टाकीत उपडी केली. अर्धी गेल्यावर त्याच्या लक्षात आले. तोपर्यंत काम टाकी रिकामी करून धुण्यापुरतेच होते. पण ‘गाडी जरा बाजूला घेतो’ म्हणून त्याने स्टार्टर मारला. डीईएफ डिझेलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसते आणि इंजिन तळातूनच ओढते. मी फिल्टर उघडला तेव्हा आत मिठासारखे पांढरे खडे साचले होते. पुढे हायप्रेशर पंप आणि सगळे इंजेक्टर बदलावे लागले. ते दोन मिनिटांचे बाजूला घेणे त्या माणसाला फार महाग पडले.

तेव्हापासून मी प्रत्येक ड्रायव्हरला बजावतो: चूक लक्षात आली की किल्लीला हात लावायचा नाही. बऱ्याच गाड्यांत नुसती किल्ली फिरवली तरी टाकीतला पंप सुरू होतो. गाडी ढकला, टोचन लावा, पण इंजिन चालू करू नका.

उलटी चूकही तितकीच वाईट. डिझेलचे नरसाळे नुसते पुसून डीईएफला वापरतात. त्यातला थोडासा तेलकटपणाही रबरी सील फुगवतो आणि कॅटॅलिस्ट (धूर जिथे स्वच्छ होतो तो एससीआरचा भाग) खराब करतो. माझ्या डीईएफच्या नरसाळ्याला निळी पट्टी रंगवलेली आहे आणि ते वेगळ्या पिशवीत टांगलेले असते. शंका आली की टाकीतले थोडे डीईएफ काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून उजेडात धरतो. वर रंगीत तवंग दिसला तर गाडी सुरू करायची नाही, टाकी रिकामी करून धुवायची.

आता विल्हेवाटीचे. त्या ट्रकच्या टाकीतून निघालेले मिश्रण ड्रममध्ये वर डिझेल, खाली डीईएफ असे दोन थरांत बसले होते. हाताखालचा मुलगा तो ड्रम गटाराकडे ढकलत निघाला होता, मी धावत जाऊन अडवला. डिझेल मिसळले की तो घातक कचरा झाला. झाकणबंद प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवा, वर काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहा आणि असा कचरा नेण्याचा परवाना असलेल्यालाच द्या.

शुद्ध पण जुने डीईएफ विषारी नाही, मग ओतले तर काय बिघडले, असे मला नेहमी विचारतात. बिघडते. युरियापासून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना मारक असतो. नाल्यात नायट्रोजन वाढला की शेवाळ माजते आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो. पावसाळी गटार बहुतेक वेळा थेट ओढ्याला जाऊन मिळते. म्हणून जुना साठा परत घेतील का, ते आधी पुरवठादाराला विचारा. झाडांना घालण्याचा मोहही आवरा, इतके तीव्र द्रावण मुळे जाळते.

सांडले तर पाण्याचा पाइप सोडू नका. वाळू किंवा लाकडाचा भुसा टाका, शोषले गेले की भरून ठेवा आणि मग ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच तर अजिबात नको, युरियाशी मिळून विषारी वायू निघतात. वायरिंगच्या कनेक्टरवर उडाले तर लगेच पुसा. ते तांब्याच्या तारेच्या आतून पुढे सरकते आणि गंज भलत्याच ठिकाणी उठतो.

पत्र्याची बादली, पितळी कॉक, तांब्याची नळी बंद. एचडीपीई (टणक प्लास्टिक) किंवा स्टेनलेस स्टील वापरा.

खताचा युरिया नळाच्या पाण्यात ढवळून पैसे वाचवणारे मला पटत नाहीत. त्यातले क्षार आणि इतर पदार्थ कॅटॅलिस्टवर बसतात, आणि एकदा बसले की धुऊन जात नाहीत.

कॅन उन्हात ठेवू नका. 30 अंशांपर्यंतच्या तापमानात ते साधारण 12 महिने टिकते, सतत 35 अंशांत सहाच. उणे 11 अंशांना गोठते आणि गोठताना फुगते, म्हणून थंड प्रदेशात टाकी गळ्यापर्यंत भरू नका.

इंजिन बंद केल्यावर लगेच बॅटरी काढू नका, नळीतले डीईएफ टाकीत परत ओढायला पंपाला थोडा वेळ लागतो.

डोळ्यात उडाले तर 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा, आणि चुरचुर थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा.